फिनिश भाषेच्या वाटेने फिनलंडच्या युद्धकाळाकडे

मूळ धागा: योएनसूकर

योएनसू गावात राहायला आल्यावर तिसऱ्या महिन्यात मी माझ्या घरमालकीण आजींना अत्यंत नम्रपणे सांगितले की, उद्या सकाळी दहा वाजता मी तुम्हाला ठार मारतो. मला म्हणायचे होते, भेटतो. फिनिश भाषेत 'तापान' म्हणजे ठार मारतो आणि दुसरा स्वर लांबवून 'तापाऽन' म्हटले की भेटतो. भविष्यकाळ या भाषेला नाहीच, त्यामुळे 'मारीन' म्हणावे की 'मारतो' हा प्रश्न निदान उद्भवला नाही. आजी हसल्या नाहीत. त्यांनी घड्याळाकडे पाहिले आणि दहाऐवजी अकरा वाजता आलात तर बरे, तोवर माझी कॉफी पिऊन होईल, असे सांगितले.

फिनलंडबद्दल मराठीत जे वाचायला मिळते ते बहुधा तीन गोष्टींपुरते असते: तेथील शाळा, आनंदी देशांच्या यादीतला त्यांचा क्रमांक आणि बर्फात दडून शेकडो शत्रू टिपणारा नेमबाज. यांतली एकही गोष्ट खोटी नाही, पण दोन वर्षे भाषा शिकल्यावर मला वाटू लागले आहे की, या देशाचा युद्धकाळ त्या नेमबाजाच्या बंदुकीपेक्षा इथल्या घरगुती शब्दांत अधिक शिल्लक आहे. त्या शब्दांबद्दल लिहावे म्हणून हा धागा काढत आहे.

आधी भाषेविषयी. फिनिशमध्ये पंधरा विभक्ती आहेत हे ऐकून लोक दचकतात, परंतु मराठी माणसाने दचकावे असे त्यात फारसे काही नाही. 'तालो' म्हणजे घर, 'तालोस्सा' म्हणजे घरात, 'तालोस्ता' म्हणजे घरातून आणि 'तालोल्ले' म्हणजे घराकडे. प्रत्यय नामाला चिकटून येतो आणि चिकटताना पुष्कळदा नामाचे मूळ रूप बदलून टाकतो. आपल्याकडे 'रस्ता' आणि 'वर' एकत्र आले की 'रस्त्यावर' होते, तसे तिकडे 'कातु' म्हणजे रस्ता आणि 'कादुल्ला' म्हणजे रस्त्यावर. आमच्या गावाचे नावच पाहा: 'योकि' म्हणजे नदी, षष्ठीत तिचे 'योएन' होते आणि 'सू' म्हणजे तोंड. योएनसू म्हणजे नदीचे मुख.

ज्या गोष्टी इंग्रजीतून समजून घेताना घाम फुटतो त्या मराठीतून सहज उलगडतात, याचा मला सुरुवातीला फार आनंद झाला. 'माझ्याकडे पुस्तक आहे' हे वाक्य फिनिशमध्ये अगदी याच घडणीचे आहे: 'मिनुल्ला ओन किर्या'. 'असणे' निराळे आणि 'बाळगणे' निराळे असा भेद करणारे क्रियापद त्यांना लागत नाही आणि आपल्यालाही लागत नाही. आपण 'चहा की कॉफी?' असे विचारतो, पण उत्तरात मात्र 'चहा किंवा कॉफी, काहीही चालेल' असे म्हणतो. फिनिश माणूसही प्रश्नात 'वाइ' आणि विधानात 'ताइ' वापरतो. आपला नकार पुरुषाप्रमाणे चालतो (मी जात नाही, तू जात नाहीस, ते जात नाहीत) आणि त्यांचाही चालतो: 'एन मेने', 'एत मेने', 'एइवॅत मेने'. माझ्या वर्गातला जर्मन सहाध्यायी या नकारापाशी दोन आठवडे अडकून पडला होता, तेव्हा मला उगीचच मोठेपण आले.

ते फार टिकले नाही, कारण फिनिशमध्ये लिंगभेद मुळीच नाही. नामाला लिंग नाही, विशेषणाला नाही, क्रियापदाला नाही आणि सर्वनामालाही नाही. 'हॅन' म्हणजे तो आणि 'हॅन' म्हणजेच ती. बोलण्यात तर माणसालाही सर्रास 'से', म्हणजे 'ते', असेच म्हणतात. ज्या भाषेत खुर्चीसुद्धा स्त्री असते त्या भाषेतून आलेल्या माणसाचे यात काय होते, ते सांगतो.

आजी मूळच्या सोर्तावाला शहराजवळच्या खेड्यातल्या. लाडोगा सरोवराच्या उत्तर काठावरचे ते शहर आज रशियात आहे. त्या एकदा मला त्यांच्या घरातल्या एका व्यक्तीबद्दल सांगत होत्या. १९४० सालच्या जानेवारीत, सोव्हिएत संघाशी युद्ध चालू असताना, उणे पस्तीस अंश तापमानात, ती व्यक्ती लाकडी मनोऱ्यावर उभी राहून आकाशाकडे कान लावून असे आणि बॉम्बफेकी विमानांची चाहूल लागली की दूरध्वनीने खबर देत असे. कितीतरी दिवस माझ्या डोळ्यांपुढे मिशीवर बर्फ साचलेला एक काका उभा होता. पुढे छायाचित्र पाहिले तेव्हा कळले की ती आजींची मावशी, वय एकोणीस. संपूर्ण गोष्टीत 'हॅन' होते आणि त्यातला पुरुष मी माझ्या घरून आणला होता.

त्या मावशी 'लोत्ता स्वॅर्द' या स्त्रियांच्या स्वयंसेवी संघटनेत होत्या. युद्धाच्या अखेरीस या संघटनेत दोन लाखांवर स्त्रिया आणि मुली होत्या आणि रुग्णालये, स्वयंपाकघरे, संदेशवहन व हवाई टेहळणी अशी कामे त्यांच्याकडे होती. १९४४च्या युद्धबंदीनंतर सोव्हिएत संघाच्या आग्रहाने संघटना बंद करण्यात आली आणि पुष्कळ जणींनी आपले राखाडी गणवेश माळ्यावर दडवले.

आता मी राहतो त्या घराविषयी. या प्रकारच्या घराला 'रिंतामामिएस्तालो' म्हणतात. 'रिंता' म्हणजे छाती, त्यावरून 'रिंतामा' म्हणजे लढाईची आघाडी, 'मिएस' म्हणजे पुरुष आणि 'तालो' म्हणजे घर. आघाडीवरून परतलेल्या माणसाचे घर. दीड मजली, लाकडी, उतरत्या छपराचे; मधोमध विटांचे धुराडे आणि त्याच्याभोवती खोल्या, म्हणजे एका चुलीची ऊब सगळ्यांना मिळावी; खाली तळघर आणि मागे सफरचंदाची दोन झाडे. युद्धानंतर ठरावीक आराखड्यांवरून अशी घरे देशभर बांधली गेली आणि पुष्कळांनी ती स्वतःच्या हातांनी बांधली. १९४५ साली झालेल्या भूसंपादन कायद्याने आघाडीवरील सैनिकांना आणि गमावलेल्या प्रदेशातून आलेल्या लोकांना जमिनी दिल्या. अशा विस्थापिताला 'एवाक्को' म्हणतात. १९४० साली असे सुमारे चार लाख लोक होते आणि देशाची लोकसंख्या होती सुमारे ३७ लाख.

तिसरा शब्द 'कोर्विके'. म्हणजे 'बदली वस्तू', पण नुसते 'कोर्विके' म्हटले की ती कॉफीचीच असे जुनी माणसे समजतात. युद्धात कॉफी मिळेनाशी झाली तेव्हा भाजलेली राय, जव, चिकोरी आणि रानफुलांची मुळे उकळून जे पेय केले ते हे. कॉफीचे रेशनिंग १९५४ साली उठले. आज दरडोई कॉफी पिण्यात हा देश जगात अगदी वरच्या क्रमांकांवर असतो आणि आजी अजूनही कपातला शेवटचा घोट ओतून देत नाहीत.

जाता जाता 'सिसु' या शब्दाविषयी. हा शब्द आता पर्यटनाच्या माहितीपत्रकांतून इतका फिरला आहे की मला त्याचा कंटाळा आला आहे. 'सिसॅ' म्हणजे आतला भाग, त्यावरून 'सिसु' म्हणजे आपण ज्याला अंगातली धमक म्हणतो ते. आजींच्या तोंडी तो मी एकदाच ऐकला, आणि तोही शेजाऱ्यांच्या हट्टी बोकडाबद्दल.

---

प्रतिसाद: निवृत्त मास्तर

योएनसूकर, लेख आवडला. मी एकतीस वर्षे शाळेत मराठी शिकवले आणि सामान्यरूप हा विषय मुलांच्या गळी उतरवताना कधी माझ्या मनात आले नाही की उत्तर ध्रुवाजवळ कुणीतरी हेच दुखणे सोसत असेल.

एक इशारा मात्र देतो, कारण अशा धाग्यांवर तिसऱ्या-चौथ्या प्रतिसादाला 'म्हणजे फिनिश ही मुळात आपलीच भाषा' असे कुणीतरी लिहितेच. ती आपली नाही. फिनिश ही युरालिक कुळातली. एस्टोनियन आणि कारेलियन या तिच्या जवळच्या बहिणी, सामी भाषा थोड्या लांबच्या आणि हंगेरियन फारच लांबची. तुम्ही दाखवलेली साम्ये रचनेची आहेत, रक्ताची नाहीत. दोन अनोळखी माणसांनी एकाच पद्धतीने धोतर नेसावे तसे ते आहे.

परंतु उसनवारी मात्र झाली आहे आणि ती फार जुनी आहे. फिनिशमध्ये शंभराला 'साता' म्हणतात आणि तो शब्द 'शत' याच शब्दाच्या प्राचीन इंडो-इराणी रूपावरून त्यांच्या पूर्वजांकडे गेला, याबद्दल अभ्यासकांत एकमत आहे. हातोड्याला ते 'वासारा' म्हणतात आणि त्याचा संबंध 'वज्र' या शब्दाशी लावला जातो. युरल पर्वताच्या आसपास कधीकाळी या दोन जमाती शेजारी राहिल्या असाव्यात. सिंधू लिपीवर आयुष्य घालवणारे आस्को पार्पोला हे फिनलंडचेच, हेही येथे नोंदवतो.

एक शंका आहे. आपल्या आठ विभक्तींनी जे काम होते त्यासाठी त्यांना पंधरा कशाला लागतात?

---

प्रतिसाद: योएनसूकर

मास्तर, आपण शब्दयोगी अव्ययांवर जे काम सोपवतो त्यातले बरेचसे तिकडे विभक्तीच करते, म्हणून संख्या फुगलेली दिसते. पण एक विभक्ती अशी आहे की जिच्यासारखे आपल्याकडे काही नाही. तिला आपण अंशविभक्ती म्हणू. क्रिया अपुरी असेल, चालू असेल किंवा वस्तूच्या काही भागापुरती असेल, तर कर्म या विभक्तीत जाते.

पाठ्यपुस्तकी उदाहरण अस्वलाचे आहे. 'अम्मुइन कार्हुन' म्हणजे मी अस्वलाला गोळी घातली आणि ते मेले. 'अम्मुइन कार्हुआ' म्हणजे मी अस्वलावर गोळी झाडली. पुढचे अस्वलाला ठाऊक. क्रियापद तेच, काळ तोच, फक्त कर्माचे शेपूट बदलले. 'मी तुझ्यावर प्रेम करतो' या वाक्यातही 'तू' अंशविभक्तीतच येते, कारण ते काम संपले असे म्हणता येत नाही.

---

प्रतिसाद: कृष्णाकाठची

आमच्या भागात फिनलंड हे नाव आजीआजोबांच्या पिढीला ठाऊक होते, पण 'फिनलंड' म्हणून नव्हे, 'हेलसिंकी' म्हणून. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ सालच्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये फ्रीस्टाइल कुस्तीत कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांच्या प्रवासासाठी गावोगाव वर्गणी गोळा झाली होती आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून पैसे उभे केले होते, ही हकिगत आम्ही लहानपणापासून ऐकत आलो.

मला विचारायचे आहे ते असे. युद्धात इतका पोळलेला देश सात वर्षांत ऑलिंपिक कसा काय भरवू शकला?

---

प्रतिसाद: नकाशेवाला

कृष्णाकाठची ताई, ते ऑलिंपिक मुळात १९४० साली व्हायचे होते. टोकियोने यजमानपद सोडल्यावर ते हेलसिंकीकडे आले, क्रीडांगण १९३८ मध्येच बांधून तयार झाले आणि मग युद्धामुळे स्पर्धाच रद्द झाली. त्या क्रीडांगणाच्या मनोऱ्याची उंची ७२.७१ मीटर आहे, कारण १९३२च्या ऑलिंपिकमध्ये मात्ती यार्विनेन याने भाला तितका लांब फेकला होता. खाशाबा जाधव हेलसिंकीत उतरले तेव्हा हा मनोरा बारा वर्षे पाहुण्यांची वाट पाहत उभा होता.

दुसरी बाजू पैशांची. युद्धबंदीच्या करारानुसार फिनलंडला सोव्हिएत संघाला ३० कोटी डॉलर किमतीचा माल नुकसानभरपाई म्हणून द्यायचा होता. पुढे उरलेल्या रकमेत थोडी सवलत मिळाली, पण जहाजे, यंत्रे, तारा, कागद असा माल आगगाड्या भरभरून पूर्वेकडे जातच राहिला. यासाठी लाकूड आणि कागद विकणाऱ्या या देशाला धातूचे कारखाने उभारावे लागले. शेवटचा हप्ता गेला १९५२च्या सप्टेंबरमध्ये, ऑलिंपिक संपल्यावर दीड महिन्याने.

आता मूळ लेखाबद्दल थोडी तक्रार. योएनसूकर, तुम्ही नेमबाजाला बाजूला सारलेत ते मान्य, पण त्याच्याबरोबर हिवाळी युद्धही बाजूला सारलेत. ते इतके सहज सारण्यासारखे नाही.

३० नोव्हेंबर १९३९ रोजी सोव्हिएत फौजा सीमा ओलांडून आत आल्या आणि त्याच दिवशी हेलसिंकीवर बॉम्ब पडले. चार दिवस आधी मैनिला या सीमेवरच्या खेड्यात तोफांचे गोळे पडले होते आणि मॉस्कोने त्याचे खापर फिनलंडवर फोडले होते. ते गोळे सोव्हिएत बाजूनेच झाडले गेले होते असे आज बहुतेक इतिहासकार मानतात. सीमेलगतच्या तेरियोकी गावात मॉस्कोत राहणारे फिनिश साम्यवादी ओत्तो विल्ले कूसिनेन यांच्या नावाने एक बाहुले सरकारही बसवण्यात आले. फिनलंडमधला डावा कामगारवर्ग त्या सरकारकडे जाईल हा हिशेब होता. १९१८ सालच्या यादवीत याच देशात लाल (डावे) आणि पांढरे (त्यांचे विरोधक) एकमेकांच्या जिवावर उठले होते आणि सुमारे ३६ हजार माणसे मेली होती, त्यामुळे तो हिशेब अगदीच वेडगळ नव्हता. तो चुकला. वीस वर्षांपूर्वीच्या दोन्ही बाजूंची मुले एकाच खंदकात बसली.

फिनलंडच्या पूर्व सीमेलगतच्या जंगलात सुओमुस्साल्मी येथे काय झाले ते नकाशावर पाहिल्याशिवाय कळत नाही. राते नावाचा एकच अरुंद रस्ता, दोन्ही बाजूंना दाट जंगल, कमरेइतके बर्फ आणि त्या रस्त्यावर वाहने, तोफा व घोडे यांच्यासह किलोमीटरच्या किलोमीटर लांबलेली सोव्हिएत ४४वी डिव्हिजन. फिनिश तुकड्या जंगलातून स्कीवरून येत आणि त्या लांबलेल्या रांगेचे तुकडे पाडत. अशा वेढलेल्या तुकड्याला ते 'मोत्ती' म्हणत. योएनसूकरांना हा शब्द आवडेल: जंगलात तोडून रचून ठेवलेल्या एक घनमीटर सरपणाला 'मोत्ती' म्हणतात. आधी रचून ठेवायचे, मग सवडीने उचलायचे. १९४०च्या जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात ती डिव्हिजन संपली. आज त्या रस्त्याच्या तोंडाशी एक स्मारक आहे, त्यावर १०५ लहान घंटा टांगलेल्या आहेत; युद्धाच्या एकेका दिवसाची एक.

---

प्रतिसाद: योएनसूकर

नकाशेवाले, तक्रार मान्य. 'मोत्ती'चा हा अर्थ मला माहीत होता, कारण मागच्या शरद ऋतूत आजींसाठी मी तीन मोत्ती बर्चची लाकडे रचली. लढाईशी त्याचा संबंध तुमच्यामुळे कळला.

तरीही माझे म्हणणे सोडवत नाही. १०५ दिवसांनंतर काय झाले? १३ मार्च १९४० रोजी सकाळी अकरा वाजता तोफा थांबल्या आणि त्यानंतर रेडिओवरून लोकांना अटी कळल्या: देशाचा सुमारे दहावा भाग गेला, वीपुरी हे मोठे शहर गेले, सोर्तावाला गेले. आजींच्या खेड्यात तर शत्रूचा सैनिक पोहोचलाही नव्हता. जे गाव कुणी जिंकले नव्हते ते काही दिवसांत रिकामे करायचे होते. राष्ट्राध्यक्ष क्यॉस्ती कालिओ यांनी असल्या कागदावर सही करावी लागणारा माझा हात झडून जावो असे उद्गार काढले होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांना अर्धांगाचा झटका येऊन उजवा हात लुळा पडला आणि १९ डिसेंबरला, पद सोडून गावी निघाले असताना, हेलसिंकीच्या रेल्वे स्थानकावरच त्यांचे प्राण गेले.

नेमबाजाच्या गोष्टीत हे कुठेच येत नाही. अस्वलाच्या वाक्यात सांगायचे तर हिवाळी युद्धाचे कर्म अंशविभक्तीत आहे.

---

प्रतिसाद: उलट तपासणी

धागा सुरेख चालला आहे, म्हणूनच येथे एक कडू घोट द्यावासा वाटतो. आतापर्यंतच्या प्रतिसादांत फिनलंड फक्त सोसताना दिसतो. १९४१ ते १९४४ या काळाचे काय? त्याला ते 'यात्कोसोता' म्हणतात, म्हणजे 'पुढे चालू राहिलेले युद्ध'. नावातच वकिली आहे. जणू काही हे नवे युद्ध नव्हतेच, जुन्याचा उरलेला भाग होता. प्रत्यक्षात फिनलंड हिटलरच्या जर्मनीबरोबर सोव्हिएत संघावर चालून गेला, आपला गेलेला प्रदेश परत घेतला आणि तेथेच न थांबता जुन्या सीमेपलीकडचा पूर्व कारेलियाही घेतला.

त्या प्रदेशात, पेत्रोझावोद्स्क आणि आसपास, रशियन भाषक नागरिकांना छावण्यांत कोंडण्यात आले. एका वेळी सुमारे २४ हजार लोक तेथे होते आणि भूक व रोगराईने चार हजारांहून अधिक दगावले. कारेलियन आणि फिनिश बोलणारे ते 'आपले', रशियन बोलणारे ते 'परके', अशी ती विभागणी होती. सोव्हिएत युद्धकैद्यांपैकी सुमारे १९ हजार फिनलंडमध्ये मेले, आणि कैदी होते सुमारे ६४ हजार. नोव्हेंबर १९४२ मध्ये आठ ज्यू निर्वासितांना जर्मनांच्या हाती सोपवण्यात आले, त्यांतला एकच जगला. २००० साली पंतप्रधान पावो लिप्पोनेन यांनी त्याबद्दल माफी मागितली.

त्याच वेळी फिनलंडचे स्वतःचे ज्यू नागरिक फिनिश सैन्यात, म्हणजे जर्मनांच्या शेजारच्या आघाडीवर, लढत होते आणि स्विर नदीकाठी त्यांनी आपल्यासाठी तंबूचे प्रार्थनामंदिरही उभारले होते. हे सगळे एकाच देशात, एकाच वर्षी.

आणि आपल्याला हे लांबचे वाटत असेल तर एक नोंद करतो. ब्रिटनने फिनलंडविरुद्ध युद्ध पुकारले ते ६ डिसेंबर १९४१ रोजी, नेमके फिनलंडच्या स्वातंत्र्यदिनी, आणि साम्राज्याबरोबर आपणही त्यात ओढले गेलो. १० फेब्रुवारी १९४७ रोजी पॅरिसमध्ये फिनलंडशी शांततेचा करार झाला तेव्हा त्यात 'फिनलंडशी युद्धात असलेले देश' म्हणून जी यादी आहे तिच्यात भारताचे नाव आहे. स्वातंत्र्य मिळायला तेव्हा सहा महिने बाकी होते. खाशाबा जाधव ज्या देशात पदक घ्यायला गेले त्याच्याशी आपले युद्ध कागदोपत्री पाच वर्षांपूर्वीच संपले होते.

---

प्रतिसाद: कृष्णाकाठची

उलट तपासणी, पॅरिसच्या कराराचे हे मला अजिबात ठाऊक नव्हते. शाळेत दुसरे महायुद्ध शिकताना इंफाळ आणि बर्मा यापलीकडे आमची स्वारी गेली नाही.

---

प्रतिसाद: योएनसूकर

उलट तपासणी, तुम्ही लिहिलेले खरे आहे आणि ते येथे यायलाच हवे होते. 'यात्कोसोता' या नावातली वकिली मला जाणवली नव्हती, कारण मी तो शब्द शब्दसंग्रहाच्या यादीत पाठ केला होता. 'यात्को' म्हणजे पुढचा भाग, 'सोता' म्हणजे युद्ध, झाले. तयार शब्द मिळाला की त्याच्या पोटात काय आहे हे पाहायचे राहून जाते. छावण्यांच्या प्रश्नावर येथील विद्यापीठात आणि वर्तमानपत्रांत उघडपणे लिहिले जाते. घराघरांतून मात्र तितके बोलले जात नाही.

तिसऱ्या युद्धाबद्दलही दोन ओळी. सप्टेंबर १९४४ मध्ये सोव्हिएत संघाशी युद्धबंदी झाली तिच्या अटींत जर्मन फौजांना हाकलून देणे हेही होते. त्या फौजा उत्तरेकडे माघार घेताना लॅपलंड जाळत गेल्या. रोवानिएमी शहर त्यात जवळजवळ पूर्ण जळाले. आज सांताक्लॉजचे गाव म्हणून पर्यटक जेथे जातात ते हेच.

आणि एक गोष्ट भाषेची, जी मला सर्वांत जास्त लागली. युद्धाच्या वर्षांत सुमारे ७० हजार फिनिश मुलांना स्वीडनमध्ये पाठवण्यात आले. गळ्यात नाव आणि क्रमांकाची चिठ्ठी, आगगाडी किंवा जहाज आणि पलीकडे अनोळखी घर. त्यांना 'सोतालाप्सेत', म्हणजे युद्धमुले, असे म्हणतात. हजारो मुले कायमची तिकडेच राहिली. जी परतली त्यांतली बरीचशी फिनिश विसरून आली होती. आजींचा धाकटा भाऊ १९४४ मध्ये चार वर्षांचा असताना गेला आणि सहा वर्षांचा होऊन परतला, तेव्हा तो फक्त स्वीडिश बोलत होता आणि आईला स्वीडिशचा एकही शब्द येत नव्हता. 'मला भूक लागली' हे त्याने आईला पोटावर हात ठेवून सांगितले. आठ वर्षांच्या आजी दोघांमध्ये बसून खुणांवरून अर्थ लावून देत. तो आयुष्यभर फिनिश बोलला, पण त्यातले ऱ्हस्वदीर्घ थोडे चुकतच राहिले, असे आजी म्हणतात. माझा 'तापान' ऐकून त्या हसल्या नव्हत्या, त्याचे कारण मला तेव्हा कळले.

---

प्रतिसाद: तव्यावरची

इतक्या गंभीर चर्चेत स्वयंपाकघराचा प्रश्न विचारते, क्षमस्व. कारेलियातून, म्हणजे गमावलेल्या त्या पूर्वेकडच्या प्रदेशातून, आलेल्या लोकांनी बरोबर काही खाण्याचे पदार्थही आणले असतील ना?

---

प्रतिसाद: योएनसूकर

तव्यावरची ताई, क्षमा कशाला, हा प्रश्न याच धाग्याचा आहे. 'कार्यालनपीराक्का' नावाचा पदार्थ एवाक्को लोकांबरोबर देशभर पोहोचला. रायच्या पिठाची पारी लाटण्याने इतकी पातळ लाटायची की ओट्याचे लाकूड दिसावे, मध्ये दुधात शिजवलेला घट्ट भात ठेवायचा आणि कडा बोटांनी चिमटत होडीसारखा आकार द्यायचा. आपल्या करंजीची कड मुरडतात तशी मुरड घालायला मी गेलो तर आजींनी ती उसवून पुन्हा घातली. त्यांच्याकडे तोंड उघडे ठेवतात. कडकडीत तापलेल्या भट्टीत भाजून वर दूधलोणी लावायचे आणि उकडलेले अंडे लोण्यात कुस्करून त्यावर ठेवायचे. मीठ बेताचे. मी तिखट मागितले तेव्हा आजींनी मिरपूड पुढे केली.

---

प्रतिसाद: उलट तपासणी

योएनसूकर, आजींना माझा एक प्रश्न विचाराल का? १९४१ नंतर सोर्तावाला फिनलंडच्या ताब्यात आल्यावर पुष्कळ लोक परत गेले होते. मधल्या काळात त्यांच्या घरांत सोव्हिएत कुटुंबे राहून गेली होती. आपल्याच घरात परक्याच्या खुणा पाहून त्यांना काय वाटले?

---

प्रतिसाद: योएनसूकर

काल साउनानंतर विचारले. (साउनात गरम दगडांवर पाणी टाकल्यावर जी वाफ उठते तिला 'लोयलु' म्हणतात आणि मास्तरांच्या माहितीसाठी, हंगेरियन भाषेतला 'आत्मा' या अर्थाचा शब्द त्याचाच सख्खा भाऊ आहे.)

१९४२ मध्ये त्या परत गेल्या तेव्हा चार वर्षांच्या होत्या, त्यामुळे आठवते ते थोडे. घर उभे होते. चुलीला निळसर चुना दिलेला होता आणि दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने कुण्या मुलाची उंची वेळोवेळी खुणा करून नोंदवलेली होती. सर्वांत वरची खूण आजींच्या डोक्याच्या थोडी वर होती. आईने चूल पुन्हा पांढरी केली, पण चौकट पुसली नाही. मग आजींच्या खुणा त्याच चौकटीवर, दुसऱ्या बाजूने, सुरू झाल्या.

सप्टेंबर १९४४ मध्ये पुन्हा निघायचे ठरले तेव्हा त्या सहा वर्षांच्या होत्या आणि हे मात्र त्यांना नीट आठवते. गाडीवर सामान बांधून झाले होते, गाय दोरीला लावलेली होती आणि आई आत गुडघ्यांवर बसून जमीन घासत होती. ती मनोऱ्यावरची मावशी दारातून ओरडली की कुणासाठी धुतेस? आईने उत्तर दिले नाही.

आजींनी वाक्य हळू सांगितले, मला समजावे म्हणून: 'हॅन पेसि लात्तिअन.' तिने जमीन धुतली. मला खात्री करून घ्यायची होती, कारण घाईत अर्धवट टाकून निघाली असती तर कर्म अंशविभक्तीत यायला हवे होते. मी विचारले, 'लात्तिआऽ की लात्तिअन?'

'लात्तिअन,' आजी म्हणाल्या. 'कोपऱ्यांसकट.'